हंसराज ओळखा : पान उलटून बघा!

हा मजकूर भिंतीवर आहे, म्हणजे उभ्यानेच वाचावा लागणार. थोडा लांब आहे खरा, पण मधेमधे मथळे दिले आहेत. एका दमात झाला नाही तर राहिलेला मधल्या सुट्टीत वाचा.

आज आपण हंसराज नावाच्या लहानशा नेच्याची ओळख करून घेणार आहोत. आपल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यात पावसाळ्यात तो कितीतरी ठिकाणी उगवतो. त्याला फूल येत नाही, फळ येत नाही आणि बाजारात त्याला भावही नाही. म्हणून त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. कोणी गवत समजून उपटतो, तर कोणी त्याच्या पानामागचे तपकिरी पट्टे बघून म्हणतो, "याला कीड लागली हाय, टाकून दे!" ती कीड नसते, बरं का! मग ते काय असते? हेच या लेखात सांगायचे आहे.

नेचा म्हणजे काय?

आंबा, मोह, भात, नाचणी, तेरडा, कर्टोली या सगळ्यांना फुले येतात. फुलांपासून बी तयार होते आणि बी पेरले की नवे रोप येते. हे आपल्याला शेतावर रोजच दिसते. नेच्याचे तसे नाही. नेच्याला मूळ आहे, खोड आहे, पान आहे, पण फूल नाही आणि बीही नाही. शहरातले लोक याला फर्न म्हणतात. आपल्या पुस्तकातला मराठी शब्द नेचा. एक नेचा, अनेक नेचे.

जगात नेच्यांचे सुमारे साडेदहा हजार प्रकार आहेत. त्यांपैकी हजाराहून जास्त आपल्या भारतात सापडतात. काही नेचे झाडाएवढे उंच असतात, तर काही नखाएवढे लहान.

नेच्यांचे घराणे फार जुने आहे. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत नेच्यांचे ठसे सापडतात. तेव्हा डायनोसॉरही जन्मले नव्हते. आपल्या माहुलीचा, सिद्धगडाचा, नाणेघाटाचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झाला, ही गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. म्हणजे ज्या कातळाला धरून हंसराज उगवतो, त्या कातळापेक्षाही नेच्यांचे घराणे पुष्कळ जुने. काय गंमत आहे पाहा!

कोणताही नेचा ओळखायच्या तीन खुणा

१. नेच्याचे कोवळे पान गुंडाळलेले असते. गोगलगाईच्या शंखासारखी गोल गुंडाळी असते, ती हळूहळू उलगडत जाते. दुसऱ्या झाडांचे कोवळे पान बहुधा असे उगवत नाही.

२. कितीही दिवस वाट बघा, नेच्याला कळी, फूल किंवा फळ येत नाही.

३. पान पिकायला आले की त्याच्या पाठीवर तपकिरी ठिपके नाहीतर पट्टे दिसतात. ही सगळ्यांत महत्त्वाची खूण. म्हणून म्हणतो, नेचा बघितला की पान उलटून बघा. वरून पुष्कळ नेचे सारखे दिसतात. कोण कोणता, ते पाठच सांगते.

हंसराज कुठे भेटतो?

हंसराजाला सावली लागते आणि ओल लागते, पण मुळाशी साचलेले पाणी त्याला चालत नाही. म्हणून तो सपाट शेतात दिसत नाही. तो उभ्या किंवा उतरत्या जागी राहतो. अशा जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत.

ओहोळाच्या काठची दरड, पायवाटेच्या कडेची मातीची भिंत, जुन्या दगडी विहिरीच्या आतल्या फटी, देवळाच्या जोत्याचे सांधे, रानात मोठ्या दगडाची सावलीची बाजू. साग-ऐनाच्या रानात ऊन गाळून खाली येते, तिथेही उतारावर तो असतो. मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की पहिल्या गुंडाळ्या वर येतात. आषाढ-श्रावणात तो भरात असतो. माळशेज घाटाच्या पायथ्याला टोकावड्याकडे, माहुलीच्या वाटेवर, तानसाच्या जंगलात, डोळखांबच्या बाजूला पावसाळ्यात चालताना अशा दरडी लागतात. तिथे डोळे उघडे ठेवून चाला.

हंसराजाच्या सहा खुणा

आता नीट वाचा. या खुणा वहीत लिहून घेतल्या तरी चालतील.

पहिली खूण, देठ. हंसराजाचा देठ तारेसारखा बारीक, काळसर तपकिरी आणि चकचकीत असतो. घोड्याच्या शेपटीचा केस आठवा. बोट फिरवले तर गुळगुळीत लागतो. त्यावर लव नसते.

दुसरी खूण, पानाची लांबी. एका देठावर दोन्ही बाजूंना लहान लहान पाने दिसतात. आपल्याला वाटते ही डहाळी आहे आणि त्यावर खूप पाने आहेत. पण ती सगळी मिळून एकच पान असते! लहान तुकड्यांना पर्णिका म्हणतात. असे एक पूर्ण पान साधारण एक वीत ते दीड वीत लांब असते.

तिसरी खूण, पर्णिकेचा आकार. हा आकार एकदा बघितला की विसरणार नाही. प्रत्येक पर्णिका अर्ध्या चंद्रासारखी असते. खालची कड जवळजवळ सरळ, वरची कड गोलाकार आणि थोडी थोडी कातरलेली. पर्णिका समोरासमोर नसून एकाआड एक असतात. प्रत्येकीला स्वतःचा केसासारखा बारीक काळा देठ असतो, त्यामुळे वारा आला की त्या थरथरतात.

चौथी खूण, शिरा. आंब्याच्या पानाला मधोमध एक जाड शीर असते. हंसराजाच्या पर्णिकेला तशी मधली शीर नसते. देठापासून बारीक शिरा पंख्यासारख्या पसरतात आणि कडेकडे जाताना एकीच्या दोन होतात. पान उजेडासमोर धरा, लगेच दिसेल.

पाचवी खूण, पाठ. आता पान उलटा. गोलाकार कडेला तपकिरी, तुटक तुटक पट्टे दिसतील. जरा जवळून बघा. पर्णिकेची कड आत दुमडलेली आहे. आई परकराचा काठ आत दुमडून शिवते ना, अगदी तशी. त्या दुमडीच्या आत हंसराजाने आपला खजिना लपवलेला असतो. पान कोवळे असेल तर पट्टा फिकट हिरवा दिसेल, पिकले की तपकिरी.

सहावी खूण, पानाचे टोक. हंसराजाच्या काही पानांचे टोक वाढत जाते. टोकाकडे पर्णिका लहान लहान होतात आणि शेवटी नुसती काळी दोरी उरते. ही दोरी वाकून जमिनीला टेकलेली दिसली, तर आणखी शंका नको.

सहापैकी एक खूण जुळली म्हणून लगेच "सापडला, सापडला!" असे ओरडू नका. निदान देठ, आकार आणि पाठ या तिन्ही जुळल्या पाहिजेत.

हंसराजाचे भाऊबंद

एकाच दरडीवर दोन-तीन प्रकारचे नेचे शेजारी शेजारी उगवतात. तिथे गोंधळ होतो. म्हणून भाऊबंदांचीही ओळख हवी.

रुपेरी नेचा : याचाही देठ काळसर आणि चकचकीत असतो, म्हणून घाईत फसायला होते. पण याचे पान त्रिकोणी असते आणि ते पुन्हा पुन्हा कातरलेले असते. पान उलटले की पाठ पांढरी शुभ्र! जणू चुना फासला आहे. ही बारीक मेणकट पूड असते. पान हाताच्या पालथ्या बाजूवर दाबले की पांढरा ठसा उमटतो. हा खेळ रानात जाणाऱ्या बऱ्याच पोरांना माहीत आहे. हंसराजाची पाठ अशी पांढरी कधीच नसते.

केसाळ हंसराज : हा हंसराजाचा सख्खा भाऊ. याच्याही पानाचे टोक जमिनीला टेकते. पण याच्या देठावर तपकिरी लव असते आणि पर्णिकेची कड खोल कातरलेली असते. बोट फिरवून बघा. खरखरीत लागले तर हा, गुळगुळीत लागले तर आपला हंसराज.

मयूरशिखा : भिंतीच्या आणि कातळाच्या फटीत चार-सहा बोटे उंचीचा, पंख्यासारखा नेचा दिसतो. ताडाचे झाड अगदी छोटे करून लावावे तसा तो दिसतो. त्याचे नाव मयूरशिखा. पानाच्या अरुंद पट्ट्या असतात, अर्धा चंद्र कुठेच नसतो.

बाशिंग : हा मोठा नेचा झाडावर नाहीतर कातळावर चढून बसतो. याची पाने दोन प्रकारची असतात. बुडाशी लहान, तपकिरी, वाळक्यासारखी दिसणारी आणि वर लांब हिरवी. बुडाची पाने वाटीसारखी राहून पडणारा पालापाचोळा धरून ठेवतात. त्या कुजलेल्या पाल्याचे खत नेच्यालाच मिळते. नवरदेवाच्या बाशिंगासारखा दिसतो म्हणून हे नाव. हिरव्या पानाच्या पाठीवर गोल ठिपके असतात, पट्टे नसतात.

विहिरीवरचा लांब पट्ट्यांचा नेचा : जुन्या विहिरीत हंसराजाच्या शेजारी हा हटकून भेटतो. याच्या पर्णिका लांब आणि अरुंद असतात, सुरीच्या पात्यासारख्या. मधली शीर स्पष्ट दिसते. पाठीवर दोन्ही कडांना सलग तपकिरी रेघ असते.

कुंडीतला हंसराज : शहरातल्या रोपवाटिकेत कुंडीत विकतात तो निराळा. त्याची पाने कोथिंबिरीसारखी बारीक, पुन्हा पुन्हा विभागलेली असतात. नात्यातला आहे, पण आपल्या रानातला नाही.

पाठीवरचे पट्टे म्हणजे काय?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ते तपकिरी पट्टे म्हणजे रोग नाही, कीड नाही आणि किड्यांची अंडीही नाहीत. त्या दुमडीखाली अगदी बारीक पिशव्या असतात. या पिशव्यांत धुळीसारखे कण असतात. त्यांना बीजाणू म्हणतात. एकेक बीजाणू नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, भिंगातूनही जेमतेम. एका पानावर असे हजारो बीजाणू असतात. नेच्याला बी नाही, पण वंश वाढवायला बीजाणू आहेत.

पिशवी कशी उघडते तेही ऐकण्यासारखे आहे. पिशवीच्या पाठीवर एक पट्टी असते. हवा कोरडी झाली की पट्टीतले पाणी कमी होते, पट्टी मागे ताणली जाते आणि पिशवी फाटते. मग एकदम पट्टी सुटते आणि बीजाणू दूर फेकले जातात. गलोल ताणून सोडली की खडा जातो ना, तसेच. तिथून पुढे वारा त्यांना घेऊन जातो. विहिरीच्या आत, माणसाचा हात पोचत नाही अशा फटीत हंसराज कोणी लावला? कोणीच नाही. वाऱ्याने लावला.

बीजाणू ओल्या जागी पडला तर त्यापासून लगेच नेचा उगवत नाही. आधी एक हिरवा, पातळ, बदामाच्या आकाराचा कण तयार होतो. तो आपल्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो आणि मातीला चिकटून राहतो. त्यावर नर आणि मादी असे दोन प्रकारचे भाग असतात. नर पेशी पाण्यात पोहत मादी पेशीकडे जाते. होय, पोहत! तेवढ्यासाठी पाण्याचा पातळसा थर तरी लागतोच. तो पावसाने मिळतो. मग तिथून खराखुरा नेचा वर येतो. आता कळले ना, नेचे ओल सोडून का जात नाहीत ते?

चालणारा नेचा

हंसराजाकडे दुसरीही युक्ती आहे. सहाव्या खुणेतली ती काळी दोरी आठवा. दोरीचे टोक वाकून मातीला टेकले की तिथे मुळ्या फुटतात आणि नवे रोप तयार होते. त्या रोपाचे पान वाढते, त्याचे टोक पुढे टेकते, तिथे आणखी एक रोप. अशा रीतीने हंसराज एकेक पाऊल टाकत दरडीवर पुढे सरकतो. म्हणून इंग्रजीत त्याला चालणारा नेचा अशा अर्थाचे नाव आहे. शेतात रताळ्याचा वेल जमिनीला टेकला की मुळ्या सोडतो, ते आपण पाहिलेच आहे. इथे वेलाऐवजी पानच हे काम करते.

म्हणून दरडीवर हंसराजाचा ताटवा दिसला तर नीट बघा. त्यात आई, मुले आणि नातवंडे एकमेकांचा हात धरून उभी असतात.

उन्हाळ्यात तो कुठे जातो?

दिवाळी झाली, पाऊस संपला, दरड सुकली की हंसराजाची पाने पिवळी पडून वाळतात. शिमग्याला त्याच जागी गेलात तर काहीच दिसणार नाही. पण तो मेलेला नसतो. मातीत नाहीतर फटीत त्याचा लहानसा गड्डा असतो, तपकिरी खवल्यांनी झाकलेला. तो उन्हाळाभर झोपून राहतो. पुढच्या मृगात त्याच गड्ड्यातून नवी गुंडाळी वर येते.

रुपेरी नेच्याची तऱ्हा वेगळी. कडक ऊन पडले की त्याची पाने आत वळून मुठीसारखी होतात आणि पांढरी पाठ बाहेर येते. पाऊस आला की पुन्हा उलगडतात.

नाव कसे पडले?

संस्कृतात हंसपदी नावाची वनस्पती आहे. हंसपदी म्हणजे हंसाच्या पायासारखी. बरेच वैद्य आणि अभ्यासक आपल्या हंसराजालाच हंसपदी मानतात. स्वीडन देशाचा शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली या नेच्याला अडिअँटम फिलिपेन्स हे शास्त्रीय नाव दिले. अडिअँटम हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा अर्थ न भिजणारा. का बरे? त्याचा प्रयोग खाली दिला आहे.

आपल्या भागातल्या नेच्यांचा अभ्यास पूर्वीही झालेला आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी डी'अल्मेडा यांनी मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर १९२२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी आपला ठाणे जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. त्या कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे आणि त्याला ब्लॅटर यांचेच नाव आहे.

सगळे शोधून झाले, आता काय उरले, असे समजू नका. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये डांग जिल्ह्यात आहवा आहे. तोही आपल्याच सह्याद्रीचा भाग. तिथे जमिनीवर उगवणारा जगातला सगळ्यांत लहान नेचा सापडला. त्याची माहिती २०१८ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. त्याची उंची किती? फक्त एक सेंटिमीटर! पट्टी घेऊन बघा एक सेंटिमीटर म्हणजे किती ते. वाकून बघणाऱ्यालाच असा नेचा दिसणार.

करून पाहा

प्रयोग १, न भिजणारे पान : हंसराजाचे एकच पान घ्या. तांब्यात पाणी घेऊन त्यात बुडवा. पाण्यात असताना पान चांदीसारखे चमकेल, कारण पानावर हवेचा पातळ थर अडकून राहतो. बाहेर काढून झटका. अळूच्या पानावरून पाणी ओघळते तसे ओघळून जाईल.

प्रयोग २, बीजाणूंचा ठसा : श्रावण-भाद्रपदात पाठीवरचे पट्टे तपकिरी झालेले एक पान घ्या. पांढऱ्या कागदावर पाठ खाली करून ठेवा. वर दुसरा कागद आणि हलकेसे पुस्तक ठेवा. वारा लागू देऊ नका. एक-दोन दिवसांनी पान अलगद उचला. कागदावर तपकिरी धुळीची नक्षी दिसेल. ती धूळ म्हणजेच बीजाणू. आता कोणी कीड म्हणाले तर हा कागद दाखवा.

प्रयोग ३, पाऊल मोजा : दरडीवर ज्या पानाचे टोक मातीला टेकले आहे, तिथे एक काडी रोवून ठेवा. दर रविवारी जाऊन बघा. मुळ्या कधी फुटल्या, गुंडाळी कधी आली, ते तारखेसह वहीत लिहा. हात लावायची गरज नाही.

औषध आणि भाजी : जपून!

पालकांनो, हा भाग तुमच्यासाठीही आहे. आयुर्वेदात हंसपदीचा औषध म्हणून उल्लेख आहे. पण कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती आणि कोणाला द्यायचा, हे जाणकार वैद्यच सांगू शकतात. आपण ओळखायला शिकलो म्हणजे काढा करायला शिकलो, असे होत नाही. मुलाला खोकला झाला, ताप आला तर दवाखान्यात न्यावे.

भाजीचेही तसेच. पावसाळ्यात आपल्याकडे शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या घरोघरी होतात. आजीला त्या बरोबर ओळखतात. शेवळ्यांत काकड घातले नाहीत तर घसा खाजतो, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. ती पिढ्यान् पिढ्यांची माहिती आहे. नेच्याच्या कोवळ्या गुंडाळ्या दिसायला छान असतात, पण जगात काही नेचे असे आहेत की ते खाल्ल्याने गुरेसुद्धा आजारी पडतात. म्हणून मुलांनी कोणताही नेचा तोंडात घालू नये. ओळखणे वेगळे, खाणे वेगळे.

आणखी एक. नेचे बघायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका, मोठ्या माणसाला सांगून जा. ज्या फटीत हंसराज राहतो, त्याच फटीत विंचू आणि साप राहतात. फटीत हात घालू नका. विहिरीत वाकून बघू नका, काठावरूनच बघा. ओहोळाला पाणी चढले असेल तर त्या दिवशी घरीच बसा. आणि साप चावलाच तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा, झाडपाला लावत बसायचे नाही.

हंसराज का सांभाळायचा?

कोणी म्हणेल, एवढ्याशा नेच्याने काय होणार? तर ऐका.

दरडीवरची माती पावसात सुटते. हंसराज, शेवाळ आणि त्यांच्यासारख्या लहान वनस्पती त्या मातीला झाकतात आणि मुळ्यांनी थोडीफार धरून ठेवतात. त्यांच्या आडोशाला लहान किडे आणि बेडूक राहतात. दगडावर आधी शेवाळ, मग माती, मग नेचा, मग गवत आणि झुडूप, असे रान हळूहळू वर चढते. त्या शिडीची एक पायरी हंसराज आहे.

आता तीन गोष्टी आपल्याच हातात आहेत.

पहिली गोष्ट गणपतीची. आराशीला हिरवे लागते, तेव्हा नेचे मुळासकट उपटले जातात. ते दिवस म्हणजे नेमके बीजाणू पिकायचे आणि पानाचे टोक मातीला टेकायचे दिवस. त्याच वेळी गड्डा निघाला तर पुढच्या मृगात तिथे काय उगवणार? आराशीला हवेच असेल तर एका रोपाचे एक-दोनच पान कात्रीने कापा, गड्डा राहू द्या. आणि खरे सांगायचे तर हंसराजाचे पान तोडले की थोड्याच वेळात कोमेजते. मखराला आंब्याचा टाळा बरा.

दुसरी गोष्ट वणव्याची. शेतातला राब भाजणे हे शेतकऱ्याचे काम आहे, त्याबद्दल आम्ही बोलत नाही. पण राबाची आग डोंगरात जाऊ देणे, किंवा उगाच रानाला काडी लावणे, हे वाईट. पाला जळतो, माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात गड्ड्यांसकट वाहून जाते.

तिसरी गोष्ट जुन्या विहिरींची. विहीर पडायला आली असेल तर दुरुस्त केलीच पाहिजे, माणसाचा जीव मोठा. पण मजबूत दगडी विहिरीच्या आत नुसते हिरवे दिसते म्हणून सगळे खरवडून काढायची घाई करू नये. वडाची, पिंपळाची रोपे दगड फोडतात, ती वेळेवर काढावीत. हंसराजाची मुळे तेवढी जाड होत नाहीत. विहिरीत कोणते काढायचे आणि कोणते ठेवायचे, हे ठरवायलाही ओळख लागते.

ओळख असली की माणूस उगाच उपटत नाही. या लेखाचे सार एवढेच आहे.

ओळखा पाहू!

१. एका दरडीवर काळ्या चकचकीत देठाचा नेचा दिसला. पान उलटले तर पाठ पांढरी. हा कोण?

२. पानाचे टोक जमिनीला टेकलेले आहे, पण देठाला लव आहे. हा हंसराज की त्याचा भाऊ?

३. हंसराजाच्या बीजाणूंचे पट्टे पानाच्या मधोमध असतात की कडेला?

४. शिमग्यात हंसराज दिसत नाही. तो कुठे असतो?

५. नेच्याला पावसाची गरज का असते? दोन कारणे सांगा.

उत्तरे याच लेखात आहेत. शोधा, कोणाला विचारू नका.

या कागदाच्या खाली एक कोरा तक्ता लावलेला आहे. त्यात चार रकाने आहेत : गाव किंवा पाडा, जागा (विहीर, ओहोळ, दरड, कातळ, देऊळ), तारीख आणि जुळलेल्या खुणा. ज्याला हंसराज दिसेल त्याने तक्त्यात लिहावे. पालकांनीही लिहावे, लिहिता येत नसेल तर मुलाला सांगून लिहवून घ्यावे. आजी-आजोबांना त्याचे दुसरे एखादे नाव माहीत असेल तर तेही लिहा. मात्र उपटलेला नेचा आणून दाखवू नका, तो मोजला जाणार नाही. हा तक्ता आम्ही जपून ठेवू. पुढच्या वर्षी मृगानंतर त्याच जागी जाऊन बघायचे आहे, तो पुन्हा उगवला की नाही.